उलट्या रोवलेल्या बाटल्या

परळी
११ फेब्रुवारी २०२४

महांतेश,

दुकान मी इकनार न्हाई. तू इचारलं न्हाईस, पन मागच्या पत्रात "अक्का, तुझं आता वय झालं" असं दोन बारी लिवलंय, तवाच मला कळलं तुझी गाडी कुठं चाललीय. इभूत, बेल आन रुद्राक्ष इकायला वय आडवं येत न्हाई. बसावं लागतंय, ते मला येतंय. गुडघे दुखायचे ते हितं देवळाच्या पायरीपाशी दुखतेत, पुन्यात तुझ्या गॅलरीत बसले तरी दुखनारच. मंग हितं काय वाईट हाय.

फोन करत जाऊ नको. मला ऐकू येत न्हाई, तू वरडतोस, मंग आपल्या घरातलं शेजारच्या तुळजाबाईला माझ्या आदी कळतंय. लिवत जा. चौथीपतोर शिकले तेवढं मला पुरतंय.

तू मागितलेलं सामान तुळजाबाईच्या जावयाच्या हाती पाठवलंय. आप्पाचा तो गार्डानं दिलेला कंदील, एका अंगाला लाल काच, एका अंगाला हिरवी. गोटीची बाटली फोडायचं लाकडी टोपन. आन सोड्याच्या दोन बाटल्या, एकीची गोटी फिरत न्हाई. माळ्यावर एवढंच व्हतं. फुटलं तर मला इचारू नको, पोतं बांधून दिलंय.

मला एक कळत न्हाई. जलम बँकेत काढलास. आप्पा टेसनावर सोडा इकायचे तवा पोरं "ए सोडा" म्हनतेत म्हनून तू फलाटावर पाय ठेवत न्हव्हतास. आप्पाची भाकर मी न्यायची. आन आता म्हातारपनी रेल्वेचे कंदील, बिल्ले आन बाटल्या गोळा करायलास. कर बाबा. पन गावात कुनाला मागू नको. सोडेवाल्या रुद्रप्पाचा पोरगा बाटल्या येचायलाय असं कुनी म्हनलेलं मला खपनार न्हाई. माझ्या गिऱ्हाइकांत माझं हसं करू नको.

आता खरं काम. बीडकडं जानाऱ्या नव्या लाइनीचे दगड आपल्या शेतात रोवलेत. आप्पाची समाधी बरोबर दोन दगडांच्या मधी यायलीय. रेल्वेचा साहेब आलता. पोरगाच हाय, नीट बोलतो. म्हनला, "मावशी, पीक निघू द्या. दिवाळीनंतर काम लागंल. तवर समाधी उचलून दुसरीकडं न्या. जागा दाखवा, खनायला मानसं आमी देतो." मी मठातल्या स्वामींला इचारलं. ते म्हनले, समाधीत मांडी घालून बसवलेल्या मानसाला उठवायचं तर पयली माती लेकानं काढावी. म्हंजे तू. वरच्या अंगाला बांधापाशी मी नवी जागा बगून ठेवलीय.

आप्पाला बसवलं तवा तू पोचला न्हाईस. तिसऱ्या दिवशी आलास, घरी बसलास, च्या पिलास आन गेलास. आता तरी ये. तू मागं टाइल्सचा कट्टा बांधतो म्हनलास, तो मी बांधू दिला न्हाई ते बरंच झालं. आता फोडावा लागला असता.

तारीख ठरली की कळवते.

उमाअक्का


पुणे
१९ एप्रिल २०२४

अक्का,

नमस्कार. सामान सुखरूप पोचलं, काही फुटलं नाही. कंदील मी दोन दिवस नुसता समोर ठेवून बसलो होतो. पितळेवर निजामाच्या रेल्वेचा ठसा आहे, तुला माहीत होतं का? काजळीखाली दडला होता. आमच्या मंडळात आम्ही सोळा-सतराजण आहोत, सगळे रेल्वेच्या जुन्या वस्तूंचे वेडे, पण असा कंदील एकाकडेही नाही. एकजण तर म्हणाला, "महांतेशराव, हा तुम्ही विकत घेतलेला नाही, हा तुमच्या घरातला आहे, ह्याचीच खरी किंमत."

तू भंगार म्हणतेस. म्हण. पण अक्का, फलाटावर मी येत नव्हतो हे तू किती वर्षं ऐकवणार? पोरगा होतो.

एक आनंदाची गोष्ट. लातूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडून मला गोटी सोड्याच्या वीस-बावीस बाटल्या एकदम मिळाल्या. कुठल्याशा स्टेशनामागच्या उकिरड्यात सापडल्या म्हणे. आल्या तेव्हा त्यांची दशा बघवत नव्हती. गळ्यात काळी माती ठासून बसलेली, गोट्या आत रुतलेल्या, आणि बुडाकडची काच मात्र ऊन-वारा खाऊन खरखरीत झालेली. आठवडाभर टबात भिजवल्या. दात घासायच्या ब्रशने एकेकीचा गळा मोकळा केला. शिवकन्या म्हणते, बाथरूम आमचं की बाटल्यांचं तेवढं सांगा. पण पहिली गोटी सुटली आणि आत खळ्‌कन वाजली, तेव्हा तीही स्वयंपाकघरातून बघायला आली. आता फळीवर मांडल्यात, मागून दिवा सोडलाय. हिरवा उजेड भिंतीवर पडतो.

गावात कुणाला विचारू नको म्हणालीस, नाही विचारलं.

समाधीचं वाचलं. येईनच. आमचं प्रदर्शन नोव्हेंबरच्या शेवटी आहे, तेवढं सांभाळून तारीख धर म्हणजे झालं.

गुडघ्यांना तेल लाव.

महांतेश


परळी
३ जून २०२४

महांतेश,

गुडघ्याला तेल मी तुला इचारून लावत न्हाई.

बाटल्या न्हाऊ घातल्यास म्हनं. नवरीला कुनी एवढं घासत न्हाई. आप्पा राख आन कढत पानी घ्यायचे, दोन हिसके दिले की बाटली साफ. टबात भिजवायचं काय काम. आन उकिरड्यातलं घरात आनलंस, शिवकन्येनं असल्या नवऱ्याला घरात ठेवलं हेच लई झालं. तिला सांग, बाथरूमला कुलूप घाल म्हनावं.

तुळजाबाईचा जावई सांगत व्हता तू कंदिलात बल्ब घातलास. घासलेटाचा वास येतो म्हनून. काय बोलावं.

साहेब परत आलता. वही काढून इचारला, "मावशी, समाधीवर दगड हाय का ओटा? मला तितं काय तरी खूण लिवावी लागंल." मी म्हनले, दगड न्हाई, ओटा न्हाई, पन खूण पक्की हाय. आप्पा गेले त्या साली, माळ्यावरच्या दोन सोडून, त्यांच्या जेवढ्या गोटीच्या बाटल्या उरल्यात्या तेवढ्या मी तोंड खाली, बूड वर अशा समाधीच्या भवतीनं रोवल्या. लोक तुळशीच्या वाफ्याला कड करतेत तशी. सकाळी ऊन पडलं की हिरवी बुडं चमकतेत, बांधावरून दिसतेत. रामकिसन बटईनं शेत करतो, पन तेवढा घेर सोडून नांगर फिरवतो, कवा चुकला न्हाई. आप्पाच्या हातातल्याच बाटल्या हायेत. त्याच्यावर आन दगड कशाला आननार, नाव खोदून कुनाला दाखवनार.

तुला हे ठावं नसंल. तू त्या अंगाला कवा फिरकलाच न्हाईस.

साहेबानं लिवून घेतलं. म्हनला, मंग काळजी न्हाई. मी मार्गशीर्षात आप्पाच्या तिथीला गेलते, त्याच्यानंतर गुडघ्यानं जाऊ दिलं न्हाई. आता पेरनीची गडबड हाय, रामकिसनच्या पायात कशाला जाऊ. दिवाळीनंतर एकदाच जायचं, तुझ्यासंगट.

उमाअक्का


पुणे
२ ऑगस्ट २०२४

अक्का,

उत्तराला उशीर झाला. मध्ये तब्येत जरा बरी नव्हती, विशेष काही नाही.

एक विचारायचं होतं. समाधीची ती बाटल्यांची कड सोडून दुसरी काही खूण आहे का? एखादी बाभळ, विहीर, बांधापासून पावलांचा अंदाज? रामकिसनला जागा नक्की आठवत असेल ना? मला वाटतं तू आत्ताच एकदा जाऊन तिथे एखादा मोठा दगड ठेवून ये. रिक्षा करून जा, पैसे मी पाठवतो. तसं कारण काही नाही. पाऊस यंदा जोरात आहे, काळी माती वाहते, म्हणून आपलं सुचवलं.

आणि रामकिसनला उगाच काही बोलू नकोस. साधा माणूस आहे.

प्रदर्शन पुढे गेलं, आता डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आहे. तारीख ठरवताना लक्षात ठेव.

महांतेश


परळी
५ सप्टेंबर २०२४

महांतेश,

लई सवाल इचारलेस. साहेबानं बी एवढे इचारले न्हाईत.

बाभूळ व्हती, ती तोडून दहा वर्सं झाली. इहीर दुसऱ्याच्या शेतात हाय. काळी माती वाहती हे मला तू पुन्यातून सांगायलास व्हय. माती वाहती, रोवलेली काच वाहत न्हाई. इतकी सालं पाऊस पडलाच न्हाई का? आन दगड ठेव म्हनं. चिखलात मी दगड घेऊन जाऊ, ह्या गुडघ्यानं? रिक्षावाला बांधाच्या अलीकडंच सोडतो, पुढं काय तुझा बाप उचलून न्हेनार? तो तर तितंच बसलाय.

मला सगळं कळतंय. तुला यायचं न्हाई, म्हनून जागेचं खुसपट काढायलास. उद्या म्हनशील जागा सापडत न्हाई तर येऊन काय करू. आप्पा गेले तवा बी तुझी गाडी चुकली व्हती.

रामकिसनला मी कशापायी बोलू? त्यानं माझं काय खाल्लंय? येडाच हायेस.

साहेबाशी बोलून स्वामींनी दिवस काढलाय. आठ डिसेंबर, इतवार हाय. आदल्या रात्री ये. तुला नेसायला नवं धोतर मी घेतलंय.

उमाअक्का


पुणे
२९ नोव्हेंबर २०२४

अक्का,

प्रदर्शन नेमकं सात आणि आठलाच आलं. हॉलची तारीख आमच्या हातात नसते. मी मंडळाचा चिटणीस, मला हलता येत नाही. पहिली माती लेकीनं काढली तर चालते का, स्वामींना विचार. तूच त्यांचं सगळं केलंस, तुझाच हक्क पहिला, असं मला मनापासून वाटतं.

जागेचं रामकिसनला विचार. त्याला सगळं माहीत आहे. त्याच्यावर रागावू नकोस, एवढंच.

महांतेश


परळी
१४ डिसेंबर २०२४

महांतेश,

आला न्हाईस ते बरं केलंस. धा मानसांत माझ्या तोंडातून काय निघालं असतं कुनाला ठावं.

आता वाच. खाली ठेवू नको, सगळं वाच.

इतवारी सकाळी मी, स्वामी आन तुळजाबाई रिक्षानं गेलो. साहेब मानसं घेऊन आदीच उभा व्हता. त्यानं यंत्र लांब थांबवून ठेवलतं, आमचं झाल्याबिगर फिरवू नका म्हनून. टोपलीत बेल व्हता, इभूत व्हती, नवं पांढरं कापड व्हतं. सोयाबीन निघालेलं, शेत नांगरून मोकळं. मी बांधावर चढले आन बगितलं. ऊन चांगलं पडलतं. शेतात कुठंच काय चमकलं न्हाई.

मी म्हनले चष्म्याला धूळ लागली असंल. पुसला. परत बगितलं. काळं शेत, इकडून तिकडं सारखं, पोळपाटावानी.

रामकिसन बैलाला पानी दाखवून आला. मी इचारलं, "रामकिसन, बाटल्या कुठंत?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करायले. म्हनला, "बाई, त्या तर दादाकडं गेल्या न्हाईत का? फागुनात फोन आलता त्यांचा."

"काय म्हनला दादा?"

"म्हनले, गावात कुठं गोटीच्या जुन्या बाटल्या असल्या तर बग. मी म्हनलो, दादा, गावात आता कुठल्या, शेतात उलट्या रोवलेल्या हायेत त्याच काय त्या. म्हनले, काढ, सगळ्या काढ आन लातूरला अमुक दुकानात न्हेऊन ठेव, मी तितून मागवतो. अक्काला म्हनू नको, ती चिडती."

"आन तू काढल्यास?"

"दादा लेक हायेत, बाई. तुमीच म्हनल्या व्हत्या, समाधी हलवायची हाय, दादा येनार हायेत. मला वाटलं दादांनी सुरुवात केली. आदी कड काढतेत, मंग माती काढतेत, तसं असंल. मला काय ठावं त्यातलं. हात जोडून काढल्या मी, नारळ फोडून."

त्याच्या जागी कुनी बी असतं तर त्यानं हेच केलं असतं. लेकानं बापाच्या समाधीची कड उचल म्हनलं तर बटईदारानं का म्हनून इचारायचं असतंय व्हय?

मंग मी म्हनले, जागा दाखव. तो चालत गेला. एका जागी थांबला, म्हनला हितं. मंग मागं वळून बांधाकडं बगितलं, चार पावलं सरकला, म्हनला न्हाई, हितं. परत थांबला. डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आन खाली बसला. म्हनला, "बाई, कड निघाली, मंग उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावला. घेर सोडायचं कारनच ऱ्हायलं न्हाई. वरून रोटा मारला, पेरलं, पाऊस झाला, कापलं, परत नांगरलं. आता मला सांगता येईना."

तीन खड्डे खनले. पयल्यात मुरूम लागला. दुसऱ्यात काळी माती, खाली बी काळी माती. स्वामी काठावर बसून माती हातात चोळून बगायचे, बसवताना भवती भरलेल्या इभुतीचा पांढरा कन लागतो का म्हनून. लागला न्हाई. तिसरा खड्डा पुरुषभर गेला. तुळजाबाई म्हनायली, "उमाबाई, अजून थोडं डाव्या अंगाला." तिला काय ठावं, ती कवा आलती तितं? सगळे आपापलं बोट दाखवायले. चौथा खड्डा मीच नको म्हनले. चाळनी करायची का शेताची. खालून आप्पाला हिसका बसंल तो येगळाच.

साहेबानं अजून दोन दिवस दिले. यंत्र दुसऱ्या टोकाला न्हेलं. मी रोज गेले, बांधावर बसले, सकाळच्या उन्हात कुठं एखादी फुटकी काच तरी चमकंल म्हनून. रामकिसननं सगळ्याच्या सगळ्या काढल्यात. नीट काम करनारा मानूस हाय तो.

तिसऱ्या दिवशी साहेब म्हनला, "मावशी, माझ्यावर बी साहेब हायेत." मी म्हनले, करा. त्याच्याकडं बोट दाखवायला माझ्याकडं काय व्हतं? खूण पक्की हाय असं मीच त्याच्या वहीत लिवायला लावलतं. यंत्र आलं, मुरूम आला. आता तितं तुझ्या डोक्याच्या वर भराव हाय. स्वामींनी बेल कुठं टाकायचा इचारलं. मी म्हनले टाका कुठं बी. नवं धोतर त्यांनाच दिलं.

घरी येऊन मी तुझी पत्रं काढली. लातूरचा जुना सामानवाला. टेसनामागचा उकिरडा. गळ्यात काळी माती ठासून बसलेली, ती तू ब्रशानं काढून टबातून मोरीत सोडलीस. ती माती कुठली व्हती ते आता तुला कळलंय. आता कशाला, तुला जूनमधीच कळलंय. माझं पत्र गेलं तवा पेरनी व्हायची व्हती. रामकिसनला तवा जागा ठावं व्हती, त्यानंच म्हनलं मला, "पेरायच्या आदी इचारलं असतं तर डोळे झाकून दाखवली असती." तू दोन महिने गप बसलास आन मंग इचारलंस, दुसरी खूण हाय का, बाभूळ हाय का, पाऊस लई हाय. पावसाचं नाव सांगितलंस. मला वाटलं तुला यायचं न्हाई म्हनून तू फाटे फोडायलास. मी तुला आळशी समजले. चुकलेच.

एक ओळ लिवायची व्हती तुला. अक्का, मी बाटल्या काढल्या, पळ. मी ह्या गुडघ्यावर रांगत गेले असते.

रामकिसनला काय बोलू नको, बोलू नको, असं मागच्या पत्रांत कशापायी लिवायलास ते आता कळलं. त्याला मी काय बोलले न्हाई. तो मानूस तीन दिवस जेवला न्हाई.

उमा


पुणे
३० डिसेंबर २०२४

अक्का,

तुझं पत्र शिवकन्येने वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी फारशी बोललेली नाही.

मी मुद्दाम केलं नाही, एवढं तरी तू मानशील असं वाटतं. रामकिसन शेतात म्हणाला, मला वाटलं बांधावर कुणी टाकून दिल्या असतील. उलट्या का रोवल्यात, हे मी विचारलं नाही. तू गावात मागू नको म्हणाली होतीस, म्हणून लातूरच्या दुकानाचं नाव केलं. त्यात एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं. जूनमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा बाटल्या फळीवर होत्या, मागे दिवा लागला होता. मी दिवा बंद केला. तुला लिहायला बसलो, उठलो. पुन्हा बसलो. पत्राला आवाज नसला तरी तुझं बोलणं मला ऐकू येतं अक्का, लहानपणापासून येतं. धीर झाला नाही. वाटलं, रामकिसनला आठवत असेलच. कशाला आत्ताच तुला त्रास.

पण एक सांगतो, राग मानू नकोस. मी कट्टा बांधतो म्हणालो होतो. पैसे काढून ठेवले होते. तू म्हणालीस, मेलेल्या माणसाला फरशी कशाला. तो कट्टा असता तर आज आप्पा सापडले असते. दोष सगळा माझाच आहे का, एवढंच स्वतःशी विचार.

मी आपली अशी समजूत घालतो की, एका परीने आप्पा त्यांच्या जागीच गेले. सारा जन्म रेल्वेपाशी काढला, आता रोज गाडी त्यांच्यावरून जाईल. त्यांना आवडलं असतं.

बाटल्या हव्या असतील तर परत पाठवतो. पण अक्का, आता त्या कुठे रोवणार? म्हणून मी वेगळं सुचवतो. प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्या बाटल्यांपुढेच थांबले. मंडळाला एका संस्थेने कायमची खोली दिली आहे, तिथे एक अख्खी भिंत आप्पांची करायची असं मी ठरवून घेतलंय. आत्ता नात संस्कृतीने लिहिलेल्या चिठ्ठीवर फक्त "गोटी सोड्याची बाटली, परळी" एवढंच आहे. तिथे आप्पांचं नाव हवं. त्यांनी सोडा केव्हा सुरू केला, कोणत्या गाडीला किती खपायचा, गार्डाने कंदील का दिला, त्या बाटल्या तू समाधीभोवती कशा लावल्यास, हे सगळं. मी लिहायला बसलो तर मला एक ओळसुद्धा येईना. मला काहीच माहीत नाही. तुझ्याशिवाय आता ते कुणालाच माहीत नाही. चार ओळी लिही. जशा येतील तशा. मी त्यातलं अक्षर बदलणार नाही.

हे आप्पांसाठी कर, माझ्यासाठी नको.

महांतेश


परळी
९ जानेवारी २०२५

महांतेश,

बाटल्या परत पाठवू नको. तू धुतलेल्या हायेत, मला त्यांचं काय काम न्हाई. शिवकन्येला म्हनावं बोलत जा, घरात गप बसून काय उपेग.

कट्ट्याचं म्हनतोस ते खरं हाय. मी बांधू दिला न्हाई. गावात कुनी त्या बाटल्यांना हात लावत न्हव्हतं. पोरं बोरं खायला शेतात यायची, ती बी वळसा घालून जायची. घरच्या मानसापासून राखायचं असतंय हे माझ्या डोक्यात आलं न्हाई.

आप्पाला वरून गाडी गेलेली आवडंल, हे तुला कुनी सांगितलं? त्यांना थांबलेली गाडी आवडायची. चालत्या गाडीला सोडा इकता येत न्हाई. पयल्या पयल्यानं पळती गाडी बगून ते शिव्या द्यायचे. शेतात आपल्या टेसन होनार न्हाई, मी साहेबाला इचारलं. तितं गाडी कवाच थांबनार न्हाई.

रामकिसन शेत सोडतो म्हनला. मी सोडू दिलं न्हाई. भरावाच्या दोन अंगाला जे उरलंय ते तोच करंल.

आता तुझी भिंत. आप्पाचं नाव तितं घालू नको. सोडा कवा सुरू केला, कोनत्या गाडीला इकायचे, कंदील कशापायी मिळाला, बर्फ कुठून आनायचे, मला काय म्हनून हाक मारायचे, मला सगळं ठावं हाय. तुला भाकर घेऊन फलाटावर यायला लाज वाटली नसती तर तुला बी ठावं असतं. तुळजाबाईला इचारशील, तिला मी कवा सांगितलं न्हाई. रामकिसनला इचारशील, त्याला फक्त जागा ठावं व्हती, ती बी गेली.

चार ओळी म्हनतोस. एक बी लिवनार न्हाई. हे पत्र बी भिंतीला लावू नको. परत इचारू नको, फोन करू नको, मानूस पाठवू नको. मी सांगनार न्हाई.

उमा